एचआयव्ही, आतड्यांतील विषाणू आणि जुलाब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) देणाऱ्या केंद्रात तपासणीसाठी येणाऱ्या व्यक्ती आणि त्यांचे नातेवाईक जुलाबांविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर विषाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांवर आहे. मात्र जुलाबांचे कारण घरबसल्या ओळखता येत नाही, म्हणून इतर कारणांचाही विचार केला आहे. ही माहिती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला जुलाबांचा त्रास अधिक का होतो?

आपल्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा रक्तात नसून आतड्यांच्या अस्तरात असतो. अन्नपाण्याबरोबर येणारे जंतू सर्वांत आधी तेथेच पोहोचतात, त्यामुळे ही व्यवस्था स्वाभाविक आहे. एचआयव्हीला मात्र नेमक्या याच पेशी हव्या असतात. लागण झाल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. रक्तातील सीडी४ संख्या त्या वेळी बऱ्यापैकी चांगली दिसत असली, तरी आतड्यातील नुकसान तोवर झालेले असते.

याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे बाहेरून आलेला विषाणू, जिवाणू किंवा परजीवी आतड्यातून लवकर हुसकावला जात नाही. दुसरा म्हणजे आतड्याच्या अस्तराची घट्ट वीण सैल पडते, आतील जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीरात सतत एक मंद दाह राहतो. १९८४ मध्येच डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांच्या शौचात कोणताही जंतू सापडत नव्हता आणि तरीही आतड्याचे अस्तर खराब झालेले होते. एआरटी नियमित सुरू राहिल्यास हे अस्तर बऱ्याच अंशी सुधारते, पण आतड्यातील सीडी४ पेशी रक्तातील पेशींपेक्षा सावकाश भरून येतात. उपचार सुरू केल्यानंतरही काही महिने पोट नाजूक का राहते, याचे हे एक कारण आहे.

जुलाब नेमके कशाला म्हणायचे, आणि किती दिवस झाले की गंभीरपणे घ्यायचे?

चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे, किंवा नेहमीपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळा पातळ होणे, याला जुलाब म्हणतात. १४ दिवसांच्या आत थांबले तर ते तीव्र जुलाब, १४ दिवसांपेक्षा अधिक चालले तर लांबलेले जुलाब, आणि महिन्यापेक्षा अधिक चालले तर दीर्घकालीन जुलाब मानले जातात.

ही मुदत लक्षात ठेवणे एचआयव्हीच्या बाबतीत फार आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार, कारण न सापडलेले एक महिन्याहून अधिक काळचे जुलाब ही एचआयव्हीच्या तिसऱ्या टप्प्याची खूण आहे. त्यासोबत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल तर तो चौथा टप्पा समजला जातो. अनेक जण दोन-दोन महिने ‘पोट बिघडलंय, होईल बरं’ म्हणत काढतात आणि वजन बरेच उतरल्यावर केंद्रात येतात. १४ दिवस ही मर्यादा धरावी, आणि सीडी४ संख्या कमी असल्याचे माहीत असेल तर तेवढेही थांबू नये.

जुलाब घडवणारे विषाणू कोणते?

मोठ्या माणसांमध्ये सर्वाधिक आढळणारा विषाणू म्हणजे नोरोव्हायरस. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉर्वॉक गावात १९६८ मध्ये एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. तेथील नमुन्यांतून १९७२ मध्ये हा विषाणू प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि गावाच्या नावावरूनच त्याचे नाव पडले. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत अचानक उलट्या, पोटात कळा, पाण्यासारखे जुलाब आणि अंगदुखी सुरू होते, आणि प्रतिकारशक्ती चांगली असेल तर एक ते तीन दिवसांत ओसरते. अगदी थोडे विषाणूकण पोटात गेले तरी लागण होऊ शकते, त्यामुळे घरात एकाला झाला की तो उरलेल्यांनाही गाठतो.

रोटाव्हायरस हा मुख्यतः लहान मुलांचा विषाणू आहे. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी बालकांच्या आतड्याच्या तुकड्यांत पाहिला. आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्या टोकाच्या पेशी हा विषाणू मारतो. शिवाय त्याचे एक प्रथिन स्वतःच विषासारखे काम करून आतड्यातून पाणी बाहेर सोडायला लावते. दूध पचवणारा पाचकरस याच टोकाच्या पेशींत तयार होत असल्याने, आजारानंतर काही दिवस दूध पचत नाही.

ॲडिनोव्हायरसच्या अनेक प्रकारांपैकी ४० आणि ४१ हे प्रकार विशेषतः आतड्याला बाधतात. त्यांचे जुलाब फारसे जोरदार नसतात, पण आठवडा ते दोन आठवडे रेंगाळतात. ॲस्ट्रोव्हायरस आणि सॅपोव्हायरस हे एरवी सौम्य असतात. पिकोबर्नाव्हायरस एचआयव्हीच्या रुग्णांच्या शौचात अधिक वेळा सापडतो, परंतु तो माणसाच्या पेशींना बाधतो की आतड्यातल्या जिवाणूंना, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा सुरू आहे. सायटोमेगॅलोव्हायरसचे प्रकरण या सर्वांहून वेगळे असल्याने त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

हे विषाणू सगळ्यांनाच होतात. मग एचआयव्ही असल्याने काय फरक पडतो?

फरक मुख्यतः कालावधीचा आहे. निरोगी माणसाचे जुलाब थांबल्यावरही नोरोव्हायरस दोन-तीन आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या व्यक्तीमध्ये हाच काळ महिन्यांवर जाऊ शकतो, जुलाब पुन्हापुन्हा उफाळतात आणि दर वेळी थोडे वजन कमी होते.

या विषयावरचे एक महत्त्वाचे संशोधन १९९३ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथून प्रसिद्ध झाले. जुलाब असलेल्या एचआयव्हीबाधितांच्या सुमारे ३५ टक्के शौचनमुन्यांत विषाणू आढळले, तर जुलाब नसलेल्यांच्या १२ टक्के नमुन्यांत. यातून दोन गोष्टी कळल्या. तोवर परजीवी आणि जिवाणू यांच्याकडेच लक्ष दिले जात होते, परंतु बऱ्याच न उलगडलेल्या जुलाबांमागे विषाणू असू शकतात. आणि दुसरी, तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जुलाब नसतानाही विषाणू सापडू शकतो. पुढे २०१६ मध्ये युगांडातील रुग्णांच्या आतड्यांतील विषाणूंचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सीडी४ संख्या २०० च्या खाली गेलेल्या व्यक्तींमध्ये ॲडिनोव्हायरसचे प्रमाण वाढलेले दिसले.

हे सर्व वाचून घाबरण्याचे कारण नाही. ज्यांचा व्हायरल लोड (रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण) दबलेला आहे आणि सीडी४ संख्या चांगली आहे, त्यांच्यामध्ये नोरोव्हायरसचा आजार साधारणपणे इतरांसारखाच येतो आणि जातो. वर सांगितलेली लांबण प्रामुख्याने उपचार न घेतलेल्या, उशिरा निदान झालेल्या किंवा गोळ्या मध्येच सोडलेल्या व्यक्तींच्या वाट्याला येते.

सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे काय? त्याची एवढी भीती का दाखवली जाते?

भारतातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू लहानपणापासूनच असतो आणि प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत निपचित पडून राहतो. सीडी४ संख्या ५० च्या खाली गेली की तो जागा होऊ शकतो. त्याचा आवडता अवयव डोळा, आणि त्याखालोखाल मोठे आतडे. तेथे तो व्रण पाडतो. पोटात दुखणे, ताप, वजन घटणे, आणि जुलाबांत रक्त किंवा आव पडणे ही त्याची लक्षणे आहेत. व्रण खोल गेले तर रक्तस्राव होतो आणि क्वचित आतड्याला भोक पडते. ही शस्त्रक्रियेची आणीबाणी असते.

याचे निदान रक्ताच्या तपासणीवर होत नाही. रक्तात विषाणू सापडणे किंवा न सापडणे, दोन्हीही निर्णायक नसते. दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करून व्रणाच्या जागेचा तुकडा घ्यावा लागतो आणि त्या तुकड्यात फुगलेल्या, विशिष्ट आकाराच्या पेशी शोधाव्या लागतात. रुग्ण या तपासणीला घाबरतात आणि ती टाळतात. ती टाळू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण या यादीत नेमके औषध उपलब्ध असलेला हाच एक विषाणू आहे. गॅनसायक्लोव्हिर शिरेतून दिले जाते आणि तोंडाने औषध शोषले जाऊ लागले की व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या देता येतात. उपचार साधारण तीन ते सहा आठवडे चालतात. या औषधांनी रक्तातील पेशी कमी होऊ शकतात, त्यामुळे रक्ततपासणी वारंवार करावी लागते, आणि एआरटीत झिडोवूडिन असेल तर अधिकच लक्ष ठेवावे लागते. निदान झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणीही करून घ्यावी, कारण डोळ्यातील आजार सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.

माझ्या शौचतपासणीत ‘नोरोव्हायरस पॉझिटिव्ह’ आले आहे. म्हणजे कारण सापडले ना?

कदाचित सापडले, कदाचित नाही. खासगी प्रयोगशाळांत आता एकाच नमुन्यातून वीस-बावीस जंतू शोधणारी पीसीआर तपासणी मिळते. ती विषाणूच्या जनुकाचा अगदी सूक्ष्म अंशही पकडते. महिन्यापूर्वी येऊन गेलेल्या आजाराचा अवशेषही त्यात दिसू शकतो. अशा वेळी ‘विषाणू आहे, आपोआप जाईल’ असे म्हणून थांबले, तर खरा दोषी असलेला परजीवी किंवा क्षयरोग तसाच राहून जातो.

म्हणून लांबलेल्या जुलाबांत आधी साध्या, स्वस्त तपासण्या नीट व्हायला हव्यात. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तीन शौचनमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी, आणि त्यात परजीवींसाठीचे विशेष रंजन, म्हणजे ते दिसावेत म्हणून नमुन्याला रंग देणे, करण्यास प्रयोगशाळेला सांगावे. नेहमीच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा सहसा दिसत नाहीत. मायक्रोस्पोरिडियासाठी आणखी वेगळे रंजन लागते. चिठ्ठीवर केवळ ‘स्टूल रुटीन’ लिहिलेले असेल तर हे केले जात नाही, आणि ‘नॉर्मल’ असा अहवाल हातात पडतो. डॉक्टरांना याविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. सोबत ताजी सीडी४ संख्या आणि व्हायरल लोड पाहणे आवश्यक आहे, कारण कोणत्या कारणाचा संशय धरायचा हे बरेचसे त्यावरच ठरते.

विषाणू नसतील तर आणखी कोणती कारणे असू शकतात?

आपल्याकडे परजीवी आणि क्षयरोग ही दोन कारणे विसरून चालत नाही. सिस्टोआयसोस्पोरा हा परजीवी भारतातील एचआयव्हीबाधितांमध्ये वरचेवर आढळतो. कोट्रायमोक्साझोल या स्वस्त गोळीने तो बरा होतो, म्हणून तो चुकणे विशेष दुर्दैवाचे आहे. क्रिप्टोस्पोरिडियमवर खात्रीचे औषध नाही आणि सीडी४ संख्या वाढली की तो आटोक्यात येतो. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळते त्या भागाचा क्षयरोग ताप, पोटात कळा, भूक मंदावणे, वजन घटणे आणि कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ अशा रूपात येतो. साल्मोनेला, शिगेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू ताप व रक्तयुक्त जुलाब घडवतात. नुकतीच प्रतिजैविके घेतली असतील तर क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या जिवाणूचाही विचार करावा लागतो.

जुलाब एआरटीच्या गोळ्यांमुळे होत असतील तर? त्या काही दिवस बंद ठेवाव्यात का?

एआरटीमुळे जुलाब होऊ शकतात, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर हे औषध यासाठी सर्वांत कुप्रसिद्ध आहे. सध्या शासकीय केंद्रांतून बहुतेकांना मिळणाऱ्या टेनोफोव्हिर, लॅमिवूडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांच्या एकत्रित गोळीने काहींना सुरुवातीचे काही आठवडे मळमळ किंवा पातळ शौच होते आणि ते बहुधा आपोआप थांबते. जुलाब गोळी बदलल्यावर लगेच सुरू झाले, त्यासोबत ताप नाही आणि वजन टिकून आहे, असे असेल तर औषधाचा संशय बळावतो. वर्षानुवर्षे तीच गोळी घेणाऱ्याला अचानक जुलाब लागले तर कारण बहुधा दुसरीकडे असते.

मधुमेहही असलेल्या व्यक्तींसाठी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातील मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, आणि मेटफॉर्मिन स्वतःच पोट बिघडवते. दोन्ही गोळ्या चालू असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला साधारणपणे १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे असतात आणि त्यांना एचआयव्हीविषयी सांगितलेले नसते, त्यामुळे हा मेळ अनेकदा कोणाच्याच लक्षात येत नाही.

गोळ्या मध्येच सोडण्यातला धोका असा की विषाणू पुन्हा वाढू लागतो, औषधाला दाद न देणारा प्रकार तयार होण्याची शक्यता निर्माण होते, आणि ज्या आतड्याला बरे व्हायचे आहे त्याच्यावरच पुन्हा घाला पडतो. उलटीबरोबर गोळी बाहेर पडली असेल तर पुन्हा घ्यायची की नाही, हे केंद्रात फोन करून विचारावे.

जुलाबांसाठी घेतलेली औषधे आणि एआरटी यांचा एकमेकांवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो टाळणे सोपे आहे. झिंक, कॅल्शियम, लोह, तसेच ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधे डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे पोहोचत नाही. म्हणून डोल्युटेग्राव्हिर असलेली गोळी अशा औषधांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी.

दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा आहे. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि काहींच्या मूत्रपिंडाला त्याचा त्रास होतो. जुलाबांनी शरीरातले पाणी घटलेले असताना अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले, तर तिन्ही गोष्टींचा भार एकाच वेळी मूत्रपिंडावर येतो. ताप किंवा अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल घ्यावे. जुलाब तीन-चार दिवसांहून अधिक जोरात झाले असतील, तर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी, करून घेणे शहाणपणाचे आहे.

विषाणूंच्या जुलाबांवर औषध कोणते?

नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, ॲडिनोव्हायरसचे ४० व ४१ हे प्रकार आणि ॲस्ट्रोव्हायरस यांच्या जुलाबांवर मान्यताप्राप्त विषाणूरोधक औषध नाही. उपचार दोनच आहेत : गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे, आणि एआरटीने प्रतिकारशक्ती वर आणणे. पहिल्याने माणूस वाचतो, दुसऱ्याने जुलाब थांबतात. सीडी४ संख्या कमी असलेल्या ज्या व्यक्तीने एआरटी सुरूच केलेली नाही, तिच्यासाठी एआरटी हाच जुलाबांवरचा उपचार असतो. जुलाब थांबेपर्यंत तिला महिनोन् महिने ताटकळत ठेवणे चूक आहे. मात्र क्षयरोगासारखा आजार सोबत असेल तर एआरटी केव्हा सुरू करायची, हे डॉक्टर ठरवतात.

जलसंजीवनीचे पाकीट, म्हणजे ओआरएस, शासकीय दवाखान्यात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवायचे आणि ते पाणी २४ तासांत संपवायचे. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नये, कारण क्षारांचे प्रमाण बिघडले तर उपयोगाऐवजी अपाय होतो. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून काम भागवता येते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. औषधाच्या दुकानात ओआरएससारखी वाटणारी गोड पेये खोक्यांत मिळतात, त्यांत साखर जास्त असते आणि त्यांनी जुलाब वाढू शकतात.

आपल्याकडे ‘एक सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल’ हा आग्रह फार असतो. पिणे शक्य असेल तर जलसंजीवनी सलाईनइतकेच काम करते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपातून रुग्णांना पाजले. कॉलऱ्याने मरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. सलाईनची गरज खरोखर असते ती माणूस पिऊ शकत नसेल, उलट्या थांबत नसतील किंवा ग्लानी येत असेल तेव्हा.

नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल यांची जोडगोळी दुकानदाराला विचारून घेण्याची सवय सर्वत्र आहे. विषाणूंवर तिचा काहीही परिणाम होत नाही आणि आतड्यातील उपयोगी जिवाणू मात्र मरतात. लोपेरामाइडसारखी जुलाब रोखणारी गोळी ताप असताना, शौचात रक्त असताना किंवा सायटोमेगॅलोव्हायरसचा संशय असताना घेऊ नये. इतर वेळीही ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

जुलाब सुरू असताना काय खावे?

खाणे थांबवू नये. लंघनाने पोटाला विश्रांती मिळते ही समजूत एचआयव्हीच्या रुग्णाला महागात पडते, कारण आतड्याच्या नव्या पेशी अन्नावरच उभ्या राहतात. भाताची पेज, मऊ भात आणि मुगाचे वरण, नाचणीची आंबील, केळे, उकडलेला बटाटा, उकडलेले अंडे हे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा घ्यावे. दूध पचत नसेल तर आठवडाभर बंद ठेवून ताज्या दह्याचे ताक घेऊन पाहावे. तळलेले, फार तिखट आणि फार गोड पदार्थ, तसेच बाटलीबंद थंड पेये टाळावीत. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त घेतल्यास गेलेले वजन भरून येते.

रुग्णालयात ताबडतोब कधी जावे?

लघवी सहा-आठ तास झाली नसेल किंवा अगदी गडद होत असेल. उभे राहिल्यावर चक्कर येत असेल. शौचात रक्त असेल किंवा शौच डांबरासारखे काळे असेल. तीव्र ताप असेल. पोट ताठ होऊन असह्य दुखत असेल. पाणीही पोटात ठरत नसेल. किंवा व्यक्ती गोंधळल्यासारखे बोलत असेल, तर त्याच दिवशी जावे. नजर अंधुक होणे किंवा डोळ्यांपुढे ठिपके तरंगणे याची पोटाशी संगत लागत नाही असे वाटते, पण सीडी४ संख्या कमी असलेल्या रुग्णाने तेही लगेच सांगावे.

घरात आणि पाण्याबाबत कोणती काळजी घ्यावी?

पाणी उकळून प्यावे. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे, मग विषाणू, जिवाणू आणि परजीवी तिन्ही मरतात. क्लोरीनचे थेंब चांगले आहेत, पण क्रिप्टोस्पोरिडियम त्यांना दाद देत नाही, म्हणून सीडी४ संख्या २०० च्या खाली असेल तर उकळणेच योग्य. तुरटीने पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या, हातापायांतील ताकद एकाएकी घटवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस आढळले होते. शहरात नळाला पाणी येते म्हणून ते सुरक्षितच असते, असे धरून चालता येत नाही.

हात साबणाने धुवावेत. अल्कोहोलचे सॅनिटायझर नोरोव्हायरसवर पुरेसे परिणामकारक नाही. ही बाब कोविडच्या काळानंतर विशेष सांगावी लागते, कारण अनेकांनी साबणाऐवजी सॅनिटायझरचीच सवय लावून घेतली आहे. उलटी किंवा शौच सांडलेली जागा आधी कागदाने किंवा फडक्याने पुसून घ्यावी आणि नंतर टीसीएल पावडरच्या (ब्लीचिंग पावडरच्या) द्रावणाने स्वच्छ करावी. एक लिटर पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे ताजी पावडर मिसळून ते पाणी दहा मिनिटे त्या जागेवर राहू द्यावे. हातात मोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये ही पावडर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. आजारी व्यक्तीने जुलाब थांबल्यानंतरही किमान दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

जुलाब साफ करताना एचआयव्हीची लागण होईल का?

शौच, उलटी, घाम किंवा लघवी यांतून एचआयव्ही पसरत नाही. शौचात रक्त दिसत असेल तर मोजे घालावेत, आणि ती काळजी कोणत्याही रुग्णाबाबत घ्यायचीच असते. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचीही एचआयव्हीसाठी गरज नाही. नोरोव्हायरससाठी दोन-तीन दिवस भांडी नीट साबणाने धुवावीत, एवढेच. आजारपणात माणसाला कोपऱ्यात बसवून वेगळे वाढणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याला वैद्यकीय आधार नाही.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला रोटाव्हायरसची लस द्यावी का? आणि अंगावरचे दूध?

लस द्यावी. तोंडाने दिली जाणारी ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असली, तरी एचआयव्ही हे ती नाकारण्याचे कारण नाही. ती देऊ नये असे आजार वेगळे आहेत, उदाहरणार्थ जन्मजात तीव्र प्रतिकारशक्तीदोष. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये सुरू झाली, आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात मोफत दिली जाते. भारतीय बनावटीच्या दोन लसींपैकी रोटासिल पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. दुसरीच्या, म्हणजे रोटाव्हॅकच्या, अंतिम चाचणीचे एक केंद्र पुण्याजवळच्या वढू येथे होते. त्या चाचणीत गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून निम्म्याहून थोडे अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले. म्हणजे लसीनंतरही जुलाब होऊ शकतात, पण सलाईन लावण्याची वेळ कमी येते.

आई नियमित एआरटी घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध देण्याचा सल्ला आपल्याकडे दिला जातो. बोट्सवानामध्ये एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांना पावडरचे दूध मोफत दिले जात होते. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या सुरुवातीला तेथे अतिवृष्टी होऊन पाणी दूषित झाले आणि जुलाबांनी पुष्कळ बालके दगावली. चौकशीत अंगावर न पिणाऱ्या बाळांना धोका अनेक पटींनी जास्त असल्याचे आढळले. वरचे दूध देणे आणि अंगावर पाजणे अशी सरमिसळही करू नये. बाळाला सहाव्या आठवड्यापासून कोट्रायमोक्साझोलचे औषध आणि ठरलेल्या वेळी एचआयव्हीची तपासणी चुकवू नये. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरील बाळाला ओआरएससोबत १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक द्यावे, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

वारीला किंवा लांबच्या प्रवासाला जाताना काय सोबत न्यावे?

गोळ्या मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतक्या घ्याव्यात आणि सामानाच्या गाठोड्यात न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात. एआरटीची हिरवी पुस्तिका किंवा तिचा मोबाइलमधला फोटो जवळ असेल, तर वाटेत गोळ्या संपल्यास दुसऱ्या एआरटी केंद्रात मदत मिळू शकते. ओआरएसची चार-पाच पाकिटे, साबणाची वडी, पॅरासिटामॉल आणि पाण्याची स्वतःची बाटली पुरेशी आहे. उघड्यावर चिरलेली फळे, बर्फाचा गोळा आणि उसाचा रस टाळावा. शिजवलेला, वाफ निघणारा प्रसाद खायला हरकत नाही. वाटेतल्या वैद्यकीय पथकाला एचआयव्ही असल्याचे आणि गोळ्यांची नावे सांगावीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि त्यामुळे चुकीचे औषध मिळण्याचा धोका टळतो. शंका असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.